मदत हवी आहे: एकेक ट्रॅक ५२ ओहम, मग जोडीचा डिफरन्शियल इम्पीडन्स ९० कसा?

भोसरीकर:

नमस्कार मंडळी,

चार लेयरच्या एका बोर्डवर यूएसबी २.० हाय-स्पीडची जोडी आहे. फॅबला (बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याला) ९० ओहम डिफरन्शियल सांगितलं होतं आणि त्याच पॅनलवर टेस्ट कूपनही (मोजणीसाठीचा नमुना तुकडा) काढून घेतलं. कूपनवरची जोडी १५० मिमी लांब, ट्रॅक साधारण ०.३५ मिमी रुंद, मधे ०.२ मिमी फट, ०.२ मिमी खाली अखंड ग्राउंड प्लेन, चारही टोकांना एसएमए कनेक्टर. फॅबच्या टीडीआर (पल्स सोडून परत येणाऱ्या लहरीवरून इम्पीडन्स मोजणारं यंत्र) रिपोर्टमध्ये ९० च्या आसपासचा आकडा आहे.

तो आकडा मला माझ्या टेबलावर मोजून बघायचाय. पुढच्या रिव्हिजनचे बोर्ड दुसरीकडून करून घ्यायचे आहेत आणि तिथे रिपोर्ट मिळेलच असं नाही. हाताशी दोन पोर्टांचा नॅनोव्हीएनए आहे (वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीला परत येणारा आणि पार जाणारा सिग्नल मोजणारं छोटं, स्वस्त यंत्र), ३ गिगाहर्ट्झपर्यंत जाणारा. चार पोर्टांचा व्हीएनए किंवा डिफरन्शियल टीडीआर बजेटच्या पार बाहेर.

एका ट्रॅकला पोर्ट १ लावून टाइम डोमेनमध्ये पाहिलं. एसएमएजवळचा खड्डा सोडला की पुढे सपाट रेष येते. शेजारच्या ट्रॅकचं जवळचं टोक मोकळं ठेवलं तर ती ५२.५ वर असते, तिथे ५० ओहमचं टर्मिनेशन लावलं तर ५२ वर, ग्राउंडला शॉर्ट केलं तर ५१.५ वर. दुसऱ्या ट्रॅकवरून मोजलं तरी हेच. दुप्पट धरली तर १०४. यूएसबीची मर्यादा ९० अधिक-उणे १५ टक्के, म्हणजे ७६.५ ते १०३.५. माझ्या हिशोबाने बोर्ड नापास, फॅबच्या हिशोबाने अगदी मधोमध पास.

कोणाचं बरोबर? शेजारच्या ट्रॅकचा परिणाम हिशोबात नेमका कुठून शिरतो? आणि दोन पोर्टांवर डिफरन्शियल इम्पीडन्स मोजता येतो का? जाणकारांनी कृपया सांगावं, बोर्डांची ऑर्डर यावरच अडली आहे.

जुना_आरएफवाला:

भोसरीकर, दोन्ही मापं बरोबर आहेत, गडबड दुपटीत आहे. तुम्ही मोजलेला ५२ हा शेजारी गप्प असतानाचा इम्पीडन्स. फॅबने मोजला तो शेजारी बरोबर उलटा चालत असतानाचा.

इम्पीडन्स म्हणजे ट्रॅकवरून पुढे सरकणाऱ्या लहरीचं व्होल्टेज भागिले तिचा करंट. ट्रॅक एकटा असेल तर हे गुणोत्तर त्याच्या रुंदीवर, खालच्या प्लेनच्या अंतरावर आणि डायइलेक्ट्रिकवर ठरतं. शेजारी दुसरा ट्रॅक आला की त्याच्यावर त्या क्षणी काय चाललंय तेही मोजावं लागतं. एक ट्रॅक १ व्होल्ट वर आणि दुसरा १ व्होल्ट खाली गेला, तर त्यांच्यामधल्या कपॅसिटन्सवर २ व्होल्टचा फरक पडतो, म्हणून तो प्रत्येक ट्रॅकला दुपटीने जाणवतो. त्याच वेळी शेजारच्या उलट्या करंटचं चुंबकीय क्षेत्र आपल्या क्षेत्रातला काही भाग खोडतं, म्हणून इंडक्टन्स घटतो. इम्पीडन्स म्हणजे इंडक्टन्स भागिले कपॅसिटन्स, त्याचं वर्गमूळ. वरचा आकडा कमी, खालचा जास्त: इम्पीडन्स दोन्हीकडून खालीच येतो. हा ऑड मोड. डिफरन्शियल इम्पीडन्स म्हणजे एका ट्रॅकच्या ऑड मोड इम्पीडन्सची दुप्पट. दुप्पट करायचीच असते, फक्त ती या आकड्याची.

तुमच्या मापांना जुळतील असे आकडे घेतो. ट्रॅकचा स्वतःचा इंडक्टन्स मीटरला ३०८ नॅनोहेन्री, दोघांमधला म्युच्युअल ५३. ग्राउंडकडचा कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड, दोघांमधला १३. ऑड मोडला इंडक्टन्स उरतो ३०८ वजा ५३, म्हणजे २५५. कपॅसिटन्स होतो १०० अधिक १३ ची दुप्पट, म्हणजे १२६. २५५ नॅनोला १२६ पिकोने भागून वर्गमूळ काढा: ४५ ओहम. दोन्ही ट्रॅक एकाच दिशेने हलले तर त्यांच्यामधल्या कपॅसिटन्सवर व्होल्टेजच येत नाही आणि इंडक्टन्स ३६१ होतो. वर्गमूळ ६० ओहम. हा इव्हन मोड.

आता ६० आणि ४५ ची सरासरी काढा. ५२.५. शेजारी मोकळा ठेवून तुम्हाला मिळालेला आकडा.

हा योगायोग नाही. एकाच ट्रॅकवर पल्स सोडलात तर तो अर्धा ऑड आणि अर्धा इव्हन असाच फुटतो, आणि शेजाऱ्याच्या टोकाला करंट नसेल तर माप नेमकं दोघांची सरासरी येतं. म्हणून एकट्या ५२.५ वरून काहीच ठरत नाही: ६० आणि ४५ असले तरी तेवढंच, ५४ आणि ५१ असले तरी तेवढंच. पण तुमच्याकडे एकच माप नाही. शेजारी ग्राउंड केल्यावर आकडा १ ओहमने उतरला ना? कपलिंगच नसतं तर तो हललाच नसता. मोकळा उणे शॉर्ट, म्हणजे १, त्याला ५२.५ ने गुणा, वर्गमूळ ७.२५. हा म्युच्युअल इम्पीडन्स. ५२.५ मधून वजा केलात की ४५.२५, दुप्पट ९०.५. फॅबचा आकडा तुमच्या स्वतःच्या मापांतच बसलेला आहे.

यावर ऑर्डर मात्र देऊ नका. तो १ ओहम चुकून अर्धाच असेल तर उत्तर ९५ जवळ जातं, दीड असेल तर ८७. इतक्या लहान फरकावर निर्णय टेकवणं धोक्याचं आहे.

डिप्लोमा_दुसरं_वर्ष:

एलसीआर मीटरने इंडक्टन्स आणि कपॅसिटन्स मोजून वरच्या सूत्रात टाकले तर चालेल का?

जुना_आरएफवाला:

तत्त्वतः चालेल. पण १५० मिमीला ग्राउंडकडचा कपॅसिटन्स जेमतेम १५ पिकोफॅरड आणि दोघांमधला २ पिकोफॅरड. कनेक्टर आणि प्रोब तेवढ्यातच गिळून टाकतात. लांब केबलवर करून बघ, तिथे छान येतं.

कऱ्हाडची_लेक:

मोजणीचं मी सांगते, आमच्याकडे हेच नेहमी चालतं. दोन पोर्ट पुरतात.

पोर्ट १ एका ट्रॅकच्या जवळच्या टोकाला, पोर्ट २ दुसऱ्या ट्रॅकच्या त्याच बाजूच्या टोकाला. लोक सवयीने पोर्ट २ पलीकडच्या टोकाला लावतात, इथे तसं नको. आता एस११ म्हणजे पहिल्या ट्रॅकवरून परत आलेलं आणि एस२१ म्हणजे शेजाऱ्यावर उमटलेलं. जोडी दोन्ही बाजूंनी सारखी असेल तर डिफरन्शियल परावर्तन = एस११ उणे एस२१. वजाबाकी कॉम्प्लेक्स आकड्यांची करायची, डीबीतली नाही. दोन्ही ट्रॅक खरंच सारखे आहेत का ते बघायला पोर्टांची अदलाबदल करून पुन्हा एकदा मोजा. एस११ जुळला पाहिजे.

मग इम्पीडन्स = १०० × (१ + परावर्तन) ÷ (१ − परावर्तन). इथे १०० कारण ५० ओहमचे दोन पोर्ट मिळून डिफरन्शियल संदर्भ १०० होतो.

हे दोनदा करायचं. एकदा पलीकडची दोन्ही टोकं मोकळी ठेवून, एकदा ती एकमेकांना शॉर्ट करून. ऑड मोडला दोन ट्रॅकच्या बरोबर मधे व्होल्टेज शून्यच असतं, त्यामुळे त्या शॉर्टला ग्राउंडची गरज नाही. दोन्ही इम्पीडन्सचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की जोडीचा डिफरन्शियल इम्पीडन्स हातात. फ्रिक्वेन्सी अशी निवडा की जोडीची लांबी तरंगलांबीच्या आठव्या हिश्श्याइतकी होईल; १५० मिमीला एफआर-४ च्या (बोर्डाच्या नेहमीच्या मटेरियलच्या) वरच्या लेयरवर ती १४५ मेगाहर्ट्झच्या आसपास पडते. तिथे दोन्ही मापं आकाराने जवळजवळ सारखी आणि चिन्हाने उलटी यायला हवीत. तशी आली नाहीत तर आधी केबल तपासा. पाव तरंगलांबीजवळ अजिबात जाऊ नका, तिथे एक माप शून्याकडे पळतं आणि दुसरं आकाशात.

दोन खबरदाऱ्या. नॅनोव्हीएनएचं पोर्ट २ बऱ्याचदा अचूक ५० ओहम नसतं आणि त्याचं कॅलिब्रेशन ही चूक काढत नाही. त्या पोर्टच्या केबलच्या टोकाला १० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा जोड) लावा आणि तो लावूनच कॅलिब्रेट करा. शेजाऱ्याला खरे ५० ओहम दिसले नाहीत तर एस२१ वर भरवसा ठेवता येत नाही. दुसरं, केबल कॅलिब्रेशननंतर वाकवू नका. टेबलावर चिकटपट्टीने बसवून टाका.

टाइम डोमेनमध्येच बघायचं असेल तर हीच वजाबाकी आधी करून मग रूपांतर करा. पायथनच्या सायकिट-आरएफ लायब्ररीमध्ये त्यासाठी सगळं तयार आहे. तुमच्या कूपनवर सपाट भागात एस११ सुमारे ०.०१९ आणि एस२१ सुमारे ०.०७२ दिसला पाहिजे. वजाबाकी उणे ०.०५३, म्हणजे ९० ओहम.

भोसरीकर:

काका, ताई, मनापासून आभार. अटेन्युएटर लावून मोजलं. १४५ मेगाहर्ट्झला टोकं मोकळी असताना उणे-जे ८७, शॉर्ट करून अधिक-जे ९३ (जे म्हणजे कॉम्प्लेक्स आकड्याचा काल्पनिक भाग). गुणाकाराचं वर्गमूळ ९०. आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सीलाही ८९ ते ९१ मध्येच राहतं. फॅबचा रिपोर्ट खरा आहे, आणि आता नव्या फॅबचे बोर्डही मला तपासता येतील.

एक राहिलं. इव्हन मोडचे ६० ओहम आहेत त्यांचं काय करायचं? रिसीव्हरला दोन ट्रॅकमधे ९० ओहम लावले की काम झालं ना?

जुना_आरएफवाला:

डिफरन्शियल सिग्नलपुरतं झालं. यूएसबी हाय-स्पीडला तर टर्मिनेशन चिपच्या आतच असतं, तिथे काहीच लावायचं नाही. पण एरवी दोन ट्रॅकमधल्या एकाच रेझिस्टरला कॉमन मोड दिसत नाही. दोन्ही ट्रॅकवर एकाच दिशेने आलेली लहर पूर्ण परत फिरते, आणि रेडिएशनचा त्रास बहुतेक वेळा तिचाच असतो. दोन्ही मोड थांबवायचे असतील तर प्रत्येक ट्रॅकवरून ग्राउंडला ६० ओहम आणि दोघांमधे ३६० ओहम. पडताळा सोपा आहे: ऑड मोडला ३६० चा अर्धा १८०, तो ६० ला समांतर, झाले ४५.

इव्हन मोडही मोजायचा असेल तर एस११ मध्ये एस२१ मिळवायचा, संदर्भ ५० धरायचा, आणि त्या वेळी पलीकडचा शॉर्ट ग्राउंडलाच हवा. कॉमन मोड इम्पीडन्स त्याचा अर्धा, म्हणजे तुमच्या कूपनवर ३० ओहम.

कऱ्हाडची_लेक:

नव्या फॅबकडे कूपन मागताना दोन गोष्टी लिहून द्या. कूपनवरचा सोल्डर मास्क बोर्डासारखाच हवा, कारण वरच्या लेयरवर मास्क चढला की इम्पीडन्स दोन-तीन ओहमने खाली येतो. आणि जोडीपासून दहा मिमी अंतरावर, त्याच रुंदीचा एक सुटा ट्रॅकही टाकायला सांगा. जोडीचा आकडा चुकला तर फट चुकली की डायइलेक्ट्रिकची जाडी, हे त्या सुट्या ट्रॅकवरून कळतं: सुटा बरोबर आणि जोडी चुकीची असेल तर संशय फटीवर, दोन्ही एकाच बाजूला सरकले असतील तर जाडीवर किंवा एचिंगवर.