मदत हवी आहे: लुआलेटेकमध्ये ‘डॉ.’ सापडतो, ‘श्री.’ सापडत नाही

पानजुळणी:
मराठी पुस्तकाची मांडणी लुआलेटेकमध्ये (लुआ भाषेतून प्रोग्रॅम करता येणारं लेटेक, म्हणजे पानजुळणीची प्रणाली) चालू आहे. फॉन्ट नोटो सेरिफ देवनागरी, रेंडरर (अक्षरांना आकार देणारा भाग) हार्फबझ. दोन गोष्टी आपोआप व्हायला हव्यात. एक, ‘डॉ.’, ‘श्री.’, ‘सौ.’, ‘प्रा.’, ‘कै.’, ‘क्र.’ यांच्यापुढे ओळ तुटू नये. दोन, परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत नुसतं ‘आहे.’ उरू नये.

प्री_लाइनब्रेक_फिल्टर या कॉलबॅकला (परिच्छेदाच्या ओळी तोडण्याआधी आपोआप चालणारा टप्पा) लुआचं फंक्शन जोडलं आहे. परिच्छेद तिथे नोडांची, म्हणजे अक्षरं, जागा अशा घटकांची, यादी म्हणून येतो. स्पेसचा ग्लू नोड (लवचीक जागा) आला की फंक्शन मागची अक्षरं गोळा करतं, संक्षेपांच्या टेबलाशी ताडतं आणि जुळलं तर ग्लूच्या आधी १०००० ची पेनल्टी (इथे ओळ तोडू नको, अशी खूण) घालतं. ‘डॉ.’, ‘सौ.’, ‘कै.’ बरोबर धरले जातात. ‘श्री.’, ‘प्रा.’, ‘क्र.’ एकदाही नाही. टेबलातलं टायपिंग तपासलं, ठीक आहे. मग हेच काम प्रोसेस_इनपुट_बफरमध्ये, म्हणजे थेट मजकुरावर करावं का?

जुळारी:
जे तीन सुटतात त्या तिन्हींत जोडाक्षर आहे. दोष टेबलाचा नाही, क्रमाचा आहे.

त्याच कॉलबॅकवर लुआओटीएफलोड या फॉन्ट हाताळणाऱ्या पॅकेजचं स्वतःचं फंक्शन आधीपासून बसलेलं असतं आणि नवीन फंक्शन यादीच्या शेवटी जातं. तुमच्या हाती नोड येतात तेव्हा शेपिंग (सुट्या अक्षरांतून जोडाक्षरांचे आकार घडवणं) उरकलेलं असतं. श, हलन्त, र (२३५८, २३८१, २३५२) या तिघांचा मिळून ‘श्र’ हा एकच ग्लिफ (फॉन्टमधला आकार) झालेला असतो आणि त्याच्या ‘चार’ फील्डमध्ये फॉन्टचा अंतर्गत क्रमांक असतो. ‘डॉ’मधले ड (२३३७) आणि ॉ (२३७७) मात्र जसेच्या तसे राहतात, म्हणून तो सापडतो. ‘दि.’ घालून बघा, तोही सुटेल: शेपिंगनंतर वेलांटी द च्या आधी येऊन बसते. खात्री करायची तर प्रत्येक ग्लिफचा ‘चार’ टेक्सआयओ.राइट_एनएल ने लॉगमध्ये छापा. १११४१११ ही युनिकोडची कमाल मर्यादा आहे. त्याहून मोठा आकडा दिसला की तो शेपिंगनंतरचा ग्लिफ समजा.

उपाय एका ओळीचा आहे. लुआटेकबेस.डिक्लेअर_कॉलबॅक_रूल ला चार गोष्टी द्या: कॉलबॅकचं नाव, तुमच्या फंक्शनचं वर्णन (ॲड_टू_कॉलबॅकमध्ये दिलेली तीच स्ट्रिंग, अक्षरशः तीच), ‘बिफोर’, आणि ‘लुआओटीएफलोड.नोड_प्रोसेसर’. लेटेक जुनं असल्यामुळे हे फंक्शन नसेल, तर रिमूव्ह_फ्रॉम_कॉलबॅक ने लुआओटीएफलोडचं फंक्शन काढा, ते परत मिळतं ते व्हेरिएबलमध्ये धरा, आधी तुमचं जोडा, मग ते पुन्हा जोडा. (नावं इथे देवनागरीत लिहितोय, फाइलमध्ये अर्थात रोमनच.)

शेपिंगच्या आधी गेलात की काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. हायफनेशन त्याआधीच झालेलं असतं, म्हणून शब्दाच्या मधे डिस्क नोड (शब्द तुटू शकेल अशा जागा) भेटतील; ते ओलांडून पुढे जा, तिथे शब्द संपला असं धरू नका. ८२०५ (झेडडब्ल्यूजे, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह) गाळा. सुरुवातीचे कंस आणि अवतरणचिन्हं काढा, नाहीतर ‘(डॉ.’ सुटतो. ग्लूचा सबटाइप (उपप्रकाराचा क्रमांक) १३ किंवा १४ असेल तरच ती शब्दांमधली स्पेस. फंक्शनच्या शेवटी हेड (यादीचा पहिला नोड) परत करा. विसरलात तर पुढच्या फंक्शनला यादीच मिळत नाही, आणि ‘फॉल्स’ परत केलंत तर परिच्छेद पुसला जातो.

प्रोसेस_इनपुट_बफरच्या वाटेला जाऊ नका. तिथे एका वेळी एकच ओळ दिसते, त्यामुळे फाइलमधल्या ओळीच्या शेवटी आलेला ‘श्री.’ निसटतो, कमांडची आर्ग्युमेंट्स आणि व्हर्बॅटिमसुद्धा बदलले जातात. शिवाय लुआचे पॅटर्न बाइटवर चालतात. देवनागरीचं प्रत्येक अक्षर यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचं, पहिला २२४ आणि दुसरा १६४ किंवा १६५. चौकटी कंसात ‘ा ि ी’ लिहिलंत तर तो संच सुट्या बाइटांचा होतो आणि कुठल्याही अक्षराचा तुकडा जुळतो.

ओळबंद:
सहा संक्षेपांसाठी एवढा खटाटोप? बेबल या भाषांच्या पॅकेजमध्ये बेबलप्रीहायफनेशन ही कमांड आहे. ते शेपिंगच्या आधीच चालतं आणि त्यात पेनल्टी घालता येते.

जुळारी:
यादी सहाचीच राहणार असेल तर खुशाल वापरा. प्रत्यक्षात ‘इ. स.’, ‘पृ.’, ‘रु.’ येत जातात आणि यादी संपादकाच्या हातात जाते. तेव्हा वेगळ्या फाइलमधलं साधं लुआ टेबल त्यांना बदलता येतं, पॅटर्न नाही.

पानजुळणी:
नियम लावला, तिन्ही धरले जाताहेत. शेवटच्या ‘आहे.’चं काम त्याच फंक्शनमध्ये घातलं, पण रुंदी चुकीची येते. ‘प्रसिद्ध’सारख्या शब्दाची तर फारच जास्त.

जुळारी:
ते काम शेपिंगच्या नंतरचं. आधी मोजलंत तर हलन्त आणि र यांची रुंदी सुटी-सुटी धरली जाते. म्हणजे फंक्शनं दोन हवीत, वर्णनं वेगळी, आणि दुसऱ्याला ‘आफ्टर’ नियम.

दुसऱ्यात यादीच्या शेपटापासून मागे या. तिथे १०००० ची पेनल्टी आणि पारफिलस्किप (शेवटची ओळ भरणारी जागा, सबटाइप १५) असतात. स्पेस आली की नोड.डायमेन्शन्स ने तिथपासून शेवटापर्यंतची रुंदी घ्या. ४० पॉइंटांपेक्षा कमी भरली तर त्या स्पेसआधी १०००० ची पेनल्टी घाला आणि आणखी मागची स्पेस बघा. तीन स्पेसनंतर थांबा. या भागातल्या डिस्क नोडांची पेनल्टीही १०००० करा, नाहीतर ‘आहे.’ वाचवताना शब्दच फुटून त्याचं शेपूट खाली उतरतं.

ओळबंद:
पारफिलस्किपला मर्यादित ताण दिला तरी हे साधतं: ० पॉइंट प्लस ०.८ एचसाइझ (ओळीची रुंदी).

जुळारी:
बऱ्याचदा साधतं, पण हमी नाही: ती जागा थोडी जास्त ताणून एकटं ‘आहे.’ कधी कधी तरीही उरतं.

पानजुळणी:
दोन कॉलमच्या सूचीत आता ओव्हरफुल बॉक्स (मार्जिनबाहेर जाणाऱ्या ओळी) येताहेत. आणि ‘डॉ.’नंतरची जागा इतर स्पेसपेक्षा जास्त दिसते.

जुळारी:
जागेचं कारण पूर्णविरामाचा स्पेस फॅक्टर (चिन्हापुढची स्पेस किती वाढवायची तो आकडा), तो ३००० असतो. प्रीॲम्बलमध्ये फ्रेंचस्पेसिंग (सगळ्या स्पेस सारख्या ठेवणारी कमांड) लावा, पण भाषा बदलणाऱ्या कमांडनंतर ते टिकलंय का बघा. ओव्हरफुलसाठी दुसऱ्या फंक्शनच्या सुरुवातीला टेक्स.एचसाइझ तपासा आणि २०० पॉइंटांपेक्षा कमी असेल तर हेड तसंच परत करा. अरुंद कॉलममध्ये एकटं ‘आहे.’ चालतं, मार्जिनबाहेर गेलेली ओळ नाही. पहिलं फंक्शन सूचीतही चालू ठेवा, फक्त तिथे इमर्जन्सीस्ट्रेच (स्पेसना अडचणीच्या वेळी मिळणारा जास्तीचा ताण) १ एम करा.

आणि कोड डायरेक्टलुआच्या (लेटेकच्या फाइलमधूनच लुआ चालवणारी कमांड) महिरपी कंसात लिहिला असेल तर आत्ताच .लुआ फाइलमध्ये हलवा. कंसात सगळ्या ओळी एक होतात, त्यामुळे दोन डॅशची एक कॉमेंट पुढचा सगळा कोड गिळते. ‘बरोबर नाही’च्या खुणेतली टिल्ड लेटेक आधीच उलगडतं, ते वेगळंच.