नेपाळला काय स्वस्त, काय महाग? मोबाईलपासून पेट्रोलपर्यंत, आपापले अनुभव सांगा

मागच्या वर्षी आम्ही लातूरचे अकरा जण पशुपतिनाथ करून आलो. मनमाडहून काशी एक्स्प्रेसने गोरखपूर, तिथून बसने सीमेवरचं सोनौली. कमान ओलांडून थोडं पुढं गेलो की मोबाईलची रेंजच गेली आणि सासूबाई मागं लागल्या, पोचल्याचा फोन कर म्हणून. दुकानात गेले, ओळखपत्राची झेरॉक्स, फोटो, फॉर्म असं सगळं करून नवीन सिम आणि थोडा डेटा घेतला, दुकानदार म्हणला पाचशे. माझ्या पोटात गोळाच आला. मग त्यानंच विचारलं, आयसी देणार का एनसी? आयसी म्हणजे आपला रुपया, एनसी म्हणजे त्यांचा, आणि १९९३ पासून आपल्या १०० चे तिकडं १६० होतात, त्यामुळं पाचशे म्हणजे आपले तीनशे बारा. तरी डेटा तिसऱ्या दिवशी संपला, कारण आपल्याला रोज दीड जीबी वापरायची सवय. घरी आल्यावर हिशोब केला तर माझा २३९ चा रिचार्ज जुलै २०२४ पासून २९९ झालाय आणि तो बी २८ दिवसांचा, म्हणजे वर्षात बारा नाही, तेरा वेळा, ३,८८७ रुपये. घरात चार मोबाईल आहेत. जे कुणी जाऊन आलेत त्यांनी नक्की सांगा.

—

नांदेडहून सांगतो. नोटांचं आधी बघा. मी २०१९ ला गेलो तेव्हा पाकिटात सगळ्या पाचशेच्या, आणि नेपाळ सरकारनं डिसेंबर २०१८ मध्येच आपल्या शंभराच्या वरच्या नोटा बंद केलेल्या. एका दुकानात तर शंभराचे दीडशेच धरले, म्हणजे शंभरामागं दहा एनसी गेले ना. भाव विचारताना पहिला प्रश्न आयसी की एनसी हाच विचारा.

—

ताई, मी परभणीचा, मला पेट्रोलचं बोलायचंय. आमच्याकडं ते मनमाडच्या डेपोतून टँकरनं येतं, २०२१ ला शंभरी पार झाली तेव्हा देशभर परभणीचं नाव गाजलं, लई वाईट वाटायचं टीव्हीवर बघून. त्याच वर्षी बिहारमधले सीमेवरचे लोक गाडीच्या टाक्या भरायला नेपाळात जायले होते. आणि नेपाळला तेल जातंय कुठून तर आपल्याच मोतिहारीहून! १० सप्टेंबर २०१९ ला अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची पाइपलाइन सुरू झाली. तेल देणारी कंपनीही आपलीच, भावातला फरक जास्त करून करांचा. आपल्याकडं केंद्राचा कर, वर राज्याचा व्हॅट, शिवाय आम्हाला टँकरचं भाडं. माझं रोज तीस किलोमीटर जाणं-येणं आहे, म्हणून मला हा विषय सोडून द्यावा वाटत नाही.

—

मी गेले नाही नेपाळला, पण आमच्या संभाजीनगरच्या सोसायटीत रात्रीचे वॉचमन नेपाळचे आहेत, आम्ही त्यांना दाजू म्हणतो, त्यांच्या भाषेत मोठा भाऊ. दाजूंकडून जे कळलं ते सांगते. आपल्याला अख्ख्या भारतात बोलणं प्लॅनमध्येच फुकट असतं, पण काठमांडूला साधा फोन लावला की आयएसडी, मिनिटाला वेगळे पैसे. आधी ते महिन्यात एकदाच बोलायचे, घड्याळ बघत. आता गेटजवळच्या लाइटखाली स्टूल टाकून बसतात, फोन बादलीला टेकवून ठेवतात आणि व्हिडिओ कॉलवर बायको भात वाढायलेली दिसते. पण तिकडं बायकोच्या फोनला पॅक पाहिजे आणि ते तिला परवडत नाही म्हणून आठवड्यातून दोनदाच. दसऱ्याला गावी जाताना मुलासाठी इथून मोबाईल न्यायचा होता, इथं मोबाईलवर १८ टक्के जीएसटी, तिकडं १३ टक्के व्हॅट आहे पण बाहेरून आणलेल्या फोनचा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख नंबर, सरकारकडं नोंदवावा लागतो, म्हणून ते घाबरले. शेवटी पैसेच नेले. पगाराच्या दिवशी मला विचारतात, ताई, दहा हजाराचे किती झाले? मी म्हणते सोळा हजार. ते पाठ असलं तरी दर महिन्याला विचारतात आणि मी दर महिन्याला सांगते.

—

जालन्याहून, थोडक्यात. मी २०२४ च्या दिवाळीत गेलो, तेव्हा काठमांडूला बऱ्याच दुकानात आपल्या यूपीआयनं क्यूआर स्कॅन होत होता, त्याच वर्षी मार्चमध्ये सुरू झालेलं. पण त्याला नेट पाहिजे, म्हणजे परत त्या सिमच्या दुकानात.