मेंदूत चिप बसवल्याने हात पुन्हा हलू लागतो का?

प्रश्न :
मानेच्या मणक्याला मार बसल्यापासून, म्हणजे गेली सहा वर्षे, माझ्या थोरल्या भावाच्या खांद्यांखाली हालचाल नाही. न्यूरालिंक या अमेरिकी कंपनीने २०२४ च्या जानेवारीत चिप बसवलेला तरुण नुसत्या विचाराने संगणकावर बुद्धिबळ खेळू लागल्याची बातमी आल्यापासून, भेटायला येणारा प्रत्येक जण ‘आता दादा उठून बसणार’ असे सांगून जातो. अशा चिपमुळे मज्जारज्जू खरोखर दुरुस्त होतो का?

प्रतिसाद १ :
नाही. हात हलवण्याचा विचार मनात येताच मेंदूतील पेशींमध्ये जे विद्युत संदेश उमटतात, ते इजेनंतर अनेक वर्षांनीही उमटतच राहतात. फक्त खाली पोहोचत नाहीत. चिप ते टिपते आणि संगणक त्यांचा अर्थ लावून एखादे यंत्र हलवतो. ‘ब्रेनगेट’ या अमेरिकेतील संशोधन प्रकल्पाच्या प्रयोगात २००४ साली, हातपाय लुळे पडलेल्या मॅथ्यू नेगल यांच्या मेंदूत बसवलेली, ९६ इलेक्ट्रोडची (विद्युत संदेश टिपणाऱ्या बारीक टोकांची) चिप जेमतेम ४ मिलिमीटर लांब-रुंद होती, आणि तिच्या आधारे ते पडद्यावरचा कर्सर हलवत. त्याच प्रकल्पातील कॅथी हचिन्सन यांनी २०११ मध्ये यंत्रहाताने कॉफीची बाटली तोंडाशी आणली, नळीने घोट घेतला आणि बाटली परत टेबलावर ठेवली. पक्षाघातानंतर जवळजवळ पंधरा वर्षांनी स्वतःच्या इच्छेने घेतलेला तो पहिला घोट होता.

प्रतिसाद २ :
वरील उत्तरात थोडी भर घालतो. अमेरिकेतील ओहायोमध्ये हातपाय लुळे पडलेल्या इयन बर्कहार्ट यांच्या मेंदूतील संदेश चिपने टिपून, मज्जारज्जूला वळसा घालून, कोपर ते मनगट या भागावर गुंडाळलेल्या, स्नायूंना विजेने चालना देणाऱ्या इलेक्ट्रोडच्या पट्ट्याकडे पाठवले गेले आणि त्यांचा स्वतःचा हात हलला. पण यंत्रणा बंद केली की तो पुन्हा निश्चल होई. पुढे संसर्गामुळे २०२१ मध्ये ती चिप काढावी लागली. ही बाजू बातम्यांत सहसा येत नाही.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. दोन्ही उत्तरे दादाला वाचून दाखवली. त्याचे म्हणणे असे, की यंत्रहात राहू दे, रात्री कूस बदलायची असली की आईला हाका माराव्या लागतात, तेवढे टळले तरी पुष्कळ झाले.

प्रतिसाद २ :
त्यासाठी मेंदूला हात लावायची गरज नाही. नळीत फुंकर मारून किंवा गालाने दाबून चालणारा स्विच मिळतो, त्याला बिनतारी घंटी जोडता येते. व्यवसायोपचार तज्ज्ञांना (रोजची कामे जमावीत म्हणून साधने आणि सराव सुचवणाऱ्यांना) घरी बोलावून स्विच उशीजवळ कुठे बसवायचा ते ठरवून घ्या. मान वळली तरी तो तोंडापासून सरकता कामा नये.