डेकोरेटर आणि स्ट्रॅटेजी एकत्र : दोन काउंटरवर दोन बिलं

कसबा_पेठ
लक्ष्मी रोडवरच्या एका कापड दुकानासाठी जावा या भाषेत बिलिंगचा प्रोग्रॅम लिहितोय. प्रत्येक सवलत ही एक स्ट्रॅटेजी, म्हणजे हिशेबाची एक अदलाबदल करता येणारी पद्धत. एकाहून जास्त सवलती लागल्या की डेकोरेटरसारख्या, म्हणजे आतल्या वस्तूभोवती थर गुंडाळावा तशा, एकीवर एक चढवतो. कुठल्या लागू ते फॅक्टरी (या वस्तू बनवून देणारा कोड) ठरवते आणि हॅशसेट या जावाच्या संचातून देते. १००० च्या मालावर १०% सूट आणि १०० चं कूपन : एका काउंटरवर ८००, दुसऱ्यावर ८१०. कोड एकच. कुठे बघू?

कोथरूडकर
गोम हॅशसेटमध्ये आहे. आधी टक्के, मग कूपन : ९००, ८००. आधी कूपन, मग ९०० चे १०% : ८१०. हॅशसेट क्रमाची हमी देत नाही. त्यातली जागा हॅशकोड या आकड्यावरून ठरते. क्लासमध्ये स्वतःचा हॅशकोड लिहिला नसेल, तर तो प्रत्येक मशीनवर वेगळा निघू शकतो. फॅक्टरीतून लिस्ट द्या, सवलतींना क्रमांक देऊन सॉर्ट करा. टक्क्यांच्या सवलतीचा क्रमांक १०, कूपनचा २०. मध्ये जागा राहू द्या, दिवाळीला नवी योजना येणारच. लिंक्डहॅशसेट हा हॅशसेटचा भाऊ फक्त घातल्याचा क्रम पाळतो, चुकीचा घातलात तर चुकीचाच.

नळस्टॉप
क्रम सुटेल हो, पण इथे डेकोरेटर हवाच कशाला? बिलावर प्रत्येक सवलतीची ओळ छापायची असते. डेकोरेटरच्या थरांतून फक्त शेवटची रक्कम बाहेर येते, कोणी किती कापले ते आतच राहतं. मग इन्स्टन्सऑफ (वस्तू कुठल्या क्लासची ते तपासणं) लावून थर सोलत बसा! कंपोझिट करा, म्हणजे अनेक स्ट्रॅटेजींची मिळून एक स्ट्रॅटेजी : प्रत्येक स्ट्रॅटेजी चालू रक्कम घेईल आणि नाव व कपात अशा ओळींची लिस्ट परत देईल, साध्या सवलतीची एकच ओळ. कंपोझिट लिस्टवर फिरून रक्कम वजा करेल, ओळी जमवेल. बाहेरून कंपोझिटही स्ट्रॅटेजीच, त्यामुळे सवलत एक की अनेक हे बिलिंगच्या बाकी कोडला बघावं लागत नाही.

जीएसटी यात कोंबू नका. बिलावर दाखवलेली सवलत वजा करून मगच करपात्र रक्कम ठरते. ती पुढची वेगळी पायरी. आणि बिगडेसिमल (जावातला अचूक दशांश आकडा) ०.१ या डबलपासून, म्हणजे अंदाजे साठवलेल्या आकड्यापासून नको, "०.१" या स्ट्रिंगपासून, म्हणजे मजकुरापासून बनवा, नाहीतर मागे नको त्या दशांशांचं शेपूट येतं.

कसबा_पेठ
पटलं. एकूण सवलत २५% च्या वर नको, असं मालक म्हणतात. ही अट कुठे घालू?

कोथरूडकर
इथे मात्र डेकोरेटर शोभेल. कंपोझिटवर एकच थर : मर्यादेबाहेरची रक्कम शेवटच्या ओळीतून कमी करा, ती ओळ शून्यावर आली तर आधीच्या ओळीतून. नुसती बेरीज कापलीत तर छापलेल्या ओळी जुळणार नाहीत. शिवाय स्ट्रॅटेजी सगळ्या बिलांना सामायिक असतील तर ग्राहक स्ट्रॅटेजीच्या फील्डमध्ये साठवून ठेवू नका, नाहीतर एका बिलाचा ग्राहक दुसऱ्यात मिसळेल; दर वेळी पॅरामीटरने द्या.