मदत हवी आहे: जॉर्ज लोहमनबद्दल कुठे वाचायला मिळेल?

नमस्कार मंडळी. इंग्लंडच्या सरे काउंटीचा, एकोणिसाव्या शतकातला व्यावसायिक (पैसे घेऊन खेळणारा) गोलंदाज जॉर्ज लोहमन याच्यावर लेख लिहितोय. १८ कसोटींत ११२ बळी, सरासरी १०.७५! १८९६ मध्ये पोर्ट एलिझाबेथला तर ७ धावांत ८ बळी, शेवट हॅटट्रिकने. आकडे भरपूर आहेत, मला माणूस हवाय. त्याच वर्षी ओव्हल कसोटीसाठी १० ऐवजी २० पौंड मागणाऱ्या पाच व्यावसायिकांत तो होता. हौशी म्हणवणारे खर्चाच्या नावाखाली पैसे घेत असताना ही मागणी रास्तच होती. तिघांनी मागणी मागे घेतली, लोहमन आणि विल्यम गन खेळलेच नाहीत. पुढे क्षयाने ३६ व्या वर्षी दक्षिण आफ्रिकेत वारला बिचारा.

त्या काळच्या व्यावसायिकांचं मानधन, करार, हिवाळ्यातली कामं यांवर चांगलं पुस्तक किंवा जुन्या वर्तमानपत्रांचा संग्रह कुणी सुचवेल का? मुंबई-पुण्याच्या ग्रंथालयात असेल तर फारच बरं.