मदत हवी आहे: कॉकाटिएल फक्त बियाच खातो, ताजं खाणं कसं सुरू करू?

आमचा कॉकाटिएल (तुरा असलेला छोटा पोपट) दोन वर्षांचा, वजन ९२ ग्रॅम (रोज सकाळी किचनच्या काट्यावर बघते). आणल्यापासून राळा, बाजरी आणि सूर्यफुलाच्या बियांवरच आहे. नुसत्या बियांत चरबी जास्त आणि अ जीवनसत्त्व, कॅल्शियम कमी, म्हणून डॉक्टरांनी भाज्या सुरू करायला सांगितल्या. तपासणीत बाकी सगळं ठीक आहे. पिंजऱ्यात कॅल्शियमसाठी समुद्रफेण (कटलफिशचं पांढरं हाड) आहे, तो कुरतडतो.

आतापर्यंत केलेलं: किसलेलं गाजर, लाल ढोबळी मिरची, मेथी, शेवग्याचा पाला, मोड आलेले मूग. सगळं मंडईतून आणून नीट धुऊन. वाटीत ठेवलं की तो तुरा ताठ करून मागे सरकतो. ओली कोथिंबिरीची जुडी पिंजऱ्याला उलटी टांगली तेव्हा मात्र पाण्याचे थेंब चाटत चाटत दोन-तीन पानं खाल्ली! तेवढंच यश. पेलेट्स (पक्ष्यांचं तयार दाणेदार खाद्य) चुरून बियांत मिसळले, तर त्याने बिया वेचून चुरा तसाच ठेवला. उपाशी ठेवून सवय लावायची नाही, एवढं पक्कं आहे. ॲव्होकाडो, कांदा, चॉकलेट घातक असतं हे माहीत आहे, ते देत नाही.

अडचण अशी की आम्ही दोघं साडेनऊला बाहेर पडतो आणि पुण्याच्या या उन्हाळ्यात चिरलेली भाजी दोन तासांत आंबते. म्हणजे हातात सकाळचा एक तास आणि संध्याकाळ.

ज्यांनी पूर्ण वाढलेल्या पक्ष्याला बियांवरून ताज्या खाण्याकडे वळवलंय त्यांनी सांगा: सकाळी बियांआधी भाजी किती वेळ ठेवायची, आणि वजन किती ग्रॅम उतरलं की थांबायचं?