आंब्याच्या खोडावर अर्ध्या मिलिमीटरची माशी सापडलीय, नवीन जात म्हणून नोंद कशी करतात?

गोदाकाठचा_मॅक्रोवाला (नाशिक)

नमस्कार मंडळी. माझं मेडिकलचं दुकान आहे, किड्यांचा अभ्यास वगैरे काही नाही, मोबाईलला मॅक्रो लेन्स लावून फोटो काढायचं खूळ तेवढं आहे. घर मखमलाबादला, मागे जुना आंबा. त्याच्या खोडावर काळ्या मुंग्यांची रांग असते, डिवचलं की ढुंगण वर करून चालतात ना त्या. तर गेल्या आठवड्यात त्या रांगेवर धुळीचा कण तरंगावा तसं काहीतरी दिसलं, मुंगी हलली की तोही हलायचा, मुंगी थांबली की थांबायचा. फोटो मोठा करून बघितला तर चक्क माशी, पाठीला कुबड असलेली. एक कशीबशी धरली, पट्टीवर ठेवली तर मिलिमीटरच्या एका घरात निम्मी जागा उरली. गूगल लेन्स एकदा मावा म्हणतंय, एकदा डास, एकदा तर तीळ म्हणालं.

मुलगी म्हणते पप्पा ही नवीनच आहे, तुमचं नाव द्या. नवीन आहे की नाही हे ठरवतं कोण, अर्ज कुठे करायचा, आणि नाव खरंच देता येतं का? माशी सेलोटेपखाली चिकटवून वहीत जपून ठेवलीय. फोटो खाली टाकलाय.

चिमटा_आणि_अल्कोहोल (पुणे)

अहो सेलोटेप नको हो 😩

आधी आनंदाची गोष्ट सांगतो. कुबड, आणि मुंगीच्या मागे मागे घिरट्या, म्हणजे बहुतेक फोरिडी कुळातली. यातल्या काही माश्या मुंगीच्या अंगात अंडं घालतात, अळी सरकत डोक्यात जाते, आतलं सगळं खाते आणि शेवटी मुंगीचं डोकं गळून पडतं. अमेरिकेत फायर अँट नावाच्या उपद्रवी मुंग्यांवर स्यूडॅक्टिऑन नावाच्या अशाच माश्या मुद्दाम सोडल्यात. आणि लहान म्हणाल तर या कुळाचे अभ्यासक ब्रायन ब्राउन यांनी २०१२ मध्ये थायलंडमधून यूरिप्लाटिया नानकनिहाली म्हणून एक जात लिहिली, ०.४ मिलिमीटर, खसखशीच्या दाण्याच्याही निम्मी. तिची आफ्रिकेतली भाऊबंद तुमच्या त्या ढुंगण वर करणाऱ्या मुंग्यांच्याच गणावर वाढते. म्हणून तुमची तीच असं म्हणत नाहीये, फोटोत पंखांच्या शिराही नीट दिसत नाहीत, पण गंमत आहे खरी.

आता अर्जाचं. अर्ज नसतोच. कुठलंही ऑफिस 'नवीन जात मंजूर' असा शिक्का मारत नाही. तुम्ही (म्हणजे ज्याला त्या कुळातलं कळतं असा कोणीतरी) वर्णन लिहिता, ते शास्त्रीय नियतकालिकात छापून येतं, छापलं की नाव झालं. पुढे कोणी दाखवून दिलं की हीच माशी १९१२ साली दुसऱ्या नावाने लिहिली गेलीय, तर जुनं नाव राहणार, तुमचं गेलं. प्राण्यांच्या नावांचा हा हिशेब १७५८ पासून चालू आहे. त्यामुळे माशी सापडणं हा कामाचा सगळ्यात छोटा भाग. खरं काम म्हणजे 'ही आधी कोणीच लिहिलेली नाही' हे दाखवणं, आणि त्यासाठी जुने पेपर, जुन्या स्लाइड्स, कोलकात्यात झूलॉजिकल सर्व्हेच्या (प्राण्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) संग्रहात काय आहे, लंडनच्या म्युझियममध्ये काय आहे, सगळं उपसावं लागतं. यातच वर्ष जातं, कधी दोन जातात.

सेलोटेपचं सांगतो. डिंकाने केस आणि पंख जातात, आणि या माश्यांची ओळख पायावरच्या केसांत, पंखांच्या शिरांत आणि पोटाच्या टोकाला असते. पुष्कळ फोरिड माश्यांत नराचं जननांग बघतात, मुंग्यांवर जगणाऱ्यांत मादीची अंडं घालायची नळी. ते बघायला माशी कॉस्टिक पोटॅशमध्ये ठेवून आतलं मांस विरघळवायचं, मग स्लाइड करायची. पाव तासाचं काम वाटतं, पण एक शिंक आली की माशी गेली. माझी गेलीय 🙂

पिंपळगावकर_द्राक्ष

भाऊ आमच्या बागेत पिवळे चिकट सापळे लावतो, एकेका कागदावर शेकड्याने असली चिलटं असतात. पाठवू का? त्यात दहा नवीन जाती निघतील 😂

गंमत सोडा, पण एक विचारतो. गादमाशी माहितीय ना, इगतपुरीकडे भाताचा पोंगा कांद्याच्या पातीसारखा नळी होऊन जातो, ती. तिची कोणी नोंद केली असेल म्हणून आज औषध कधी मारायचं ते कळतं. या मुंगीवाल्या माशीचा शेतकऱ्याला उपयोग काय? मुंग्या तर आमच्याकडे पिठ्या ढेकणाची राखण करतात, मारत असेल तर चांगलंच.

चिमटा_आणि_अल्कोहोल

दादा चिकट कागद पाठवू नका, सेलोटेपचंच मोठं भावंड ते. पण 'दहा नवीन' हे तुम्ही हसत बोललात ते खरंच होऊ शकतं. लॉस एंजेलिससारख्या शहरात लोकांच्या घरामागच्या बागांत सापळे लावले तर फोरिडीतल्याच मेगॅसेलिया या एका गणाच्या ३० नव्या जाती निघाल्या, २०१५ ची गोष्ट. आणि कोस्टा रिकात जंगलाच्या चार हेक्टर तुकड्यात ४,३३२ जातींच्या माश्या मोजल्यात, म्हणजे साधारण दहा एकर, तुमच्या बागेएवढं. आपल्याकडे तसं कोणी मोजल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

गादमाशीचं वर्णन वुड-मेसन यांचं, १८८९ चं. उपयोगाचं म्हणाल तर तुम्हीच उत्तर दिलंत, पिठ्या ढेकणाची राखण करणाऱ्या मुंगीचा शत्रू कोण हे नावाशिवाय लिहिणार कसं?

ताम्हण_७१ (नाशिक रोड)

नावाबद्दल मी सांगते, कॉलेजात झूलॉजी शिकवायचे. स्वतःचं नाव स्वतः द्यायला नियमात मनाई नाही, पण तसं करत नाहीत, लोक हसतात. तुमच्यासाठी दुसऱ्या कोणी दिलं तर चालतं, पुरुष असेल तर शेवटी 'आय', बाई असेल तर 'एई', गावावरून 'नाशिकेन्सिस'. ब्राझीलमधल्या एका फोरिड माशीला पुढच्या पायांच्या दंडांवरून आर्नॉल्ड श्वार्झनेगरचं नाव दिलंय, ०.३९५ मिलिमीटरची माशी आणि नाव आर्नॉल्डी!

फोटोवर भागतं का असंही विचाराल म्हणून सांगते, २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतली एक भुंग्यासारखी दिसणारी माशी नुसत्या फोटोंवरून लिहिली होती, नमुना हातात नव्हता, त्यावरून केवढा वाद झाला. एरवी एक नमुना होलोटाइप, म्हणजे त्या नावाचा कायमचा आधार, म्हणून ठरवावाच लागतो आणि तो कुठल्या संग्रहात आहे हे पेपरात छापावं लागतं. आपल्याकडे जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे नवी जात सापडली की ठरवून दिलेल्या संस्थेला कळवून नमुना जमा करायचा असतो. झूलॉजिकल सर्व्हेचं पश्चिम विभागाचं केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, तिथे विचारा. घरच्या अंगणातलं धरलंत ते ठीक, पण उत्साहात बाटली घेऊन अंजनेरीच्या जंगलात जाऊ नका, तिथे वनखात्याची परवानगी लागते. आणि पैसे घेऊन आठ दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी तर अजिबात लागू नका, असल्या पेपरांनी पुढच्या माणसाचं काम दुप्पट होतं.

गोदाकाठचा_मॅक्रोवाला

ताई, दादा, सगळ्यांचे आभार. टेप सोडवायला गेलो तर अर्धी माशी टेपला आणि अर्धी वहीला 🙏 आता काय करू? आणि एवढ्याशा जिवाला पुन्हा पुन्हा मारायचं हे घरी आईला पटत नाहीये.

चिमटा_आणि_अल्कोहोल

आईंना सांगा, एकच मारली आणि ती टेपने खराब झाली तर ती फुकट गेली, पाच-सहा नीट ठेवल्या तर पुन्हा कोणाला माराव्या लागणार नाहीत. पिवळी प्लास्टिकची वाटी घ्या, पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, खोडाशेजारी ठेवा, संध्याकाळी मऊ ब्रशने उचला. अल्कोहोल ९५ टक्क्यांचं मिळालं तर डीएनए तपासायलाही चालतं, मेडिकलवाले आहात तर तुम्हाला अवघड नाही, सॅनिटायझर मात्र नको, त्यात ग्लिसरीन असतं. आत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टाका, गाव, तारीख, कशावर सापडली, कोणी धरली. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. आणि ज्या मुंगीवर घिरट्या घालत होती त्यातल्या दोन-तीन मुंग्या त्याच बाटलीत, हे विसरू नका, अर्धी किंमत त्या मुंग्यांची आहे.

गोदाकाठचा_मॅक्रोवाला

श्रीखंडाच्या डब्याचं झाकण पिवळं आहे, ते लावलंय. आज सात मिळाल्या, त्यातली एक बहुतेक खरंच तीळ आहे.